वलयं उठतायत, पण मासा फ्लाय घेत नाही: डबी उघडण्याआधी काय तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. ऊन उतरतं, पाण्यावर किडे दिसू लागतात, इथे-तिथे वलयं उठतात. मासे खातायत याबद्दल शंका नसते. तुमची फ्लाय त्याच वलयांमधून तरंगत जाते आणि तिला कोणी विचारत नाही. मग फ्लायची डबी उघडते, फ्लाय बदलते, पुन्हा बदलते, अंधार पडतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

फ्लाय बदलणं हा या दुखण्यावरचा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कमी उपयोगी इलाज आहे. बिघाड सहसा नमुन्यात नसतो. मासा पाण्याच्या कोणत्या थरात खातोय हे ओळखलेलं नसतं, नाहीतर फ्लाय प्रवाहाबरोबर न वाहता दोरीने ओढली जात असते. या दोन गोष्टी बघून झाल्याशिवाय डबीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

(खाली 'फ्लाय' म्हणजे पिसं आणि दोरा गळावर बांधून केलेलं खोटं आमिष. खऱ्या जिवाला मी किडाच म्हणतो, म्हणजे घोळ होणार नाही.)

आधी तक्रार नेमकी करा. मासा फ्लायकडे बघतही नाही? वर येतो, जवळून पाहतो आणि मागे फिरतो? की तोंडात घेतो, पण गळ लागत नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात फ्लाय चुकीच्या जागी किंवा चुकीच्या थरात असते. दुसऱ्यात जागा बरोबर असते, वागणं चुकतं. तिसऱ्यात दोष बहुधा तुमच्या हाताचा किंवा दोरीच्या जाडीचा.

मासे खरंच खातायत ना?

प्रश्न बावळट वाटेल, पण तळ्यात आणि संथ पाण्यात तो आधी विचारायला हवा. रात्रभर पाणवनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, तयार करत नाहीत. त्यामुळे पहाटे, उजाडायच्या सुमाराला पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. उकाड्याच्या दिवसांत आणखीच, कारण गरम पाण्यात तो मुळात कमी विरघळतो: 0 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण साडेचौदा मिलिग्रॅम, 30 अंशांना जेमतेम साडेसात. अशा वेळी मासे पृष्ठभागालगतचं, हवेला लागून असलेलं पाणी तोंडात घेत राहतात. लांबून ते खाण्यासारखंच दिसतं.

फरक असा. खाणारा मासा वर येतो, घास घेतो आणि खाली जातो. गुदमरलेला मासा वरच राहतो, तोंड एका लयीत उघडझाप करतो, शेजारी तसेच आणखी असतात आणि पाण्यावर किडे नसतात. असं दिसलं तर सामान आवरा. तो मासा काही घेणार नाही, आणि चुकून लागलाच तर ती ओढाताण त्याला झेपणार नाही.

वलय वाचायला शिका

सगळ्यांत जास्त माहिती इथे मिळते, आणि सगळ्यांत कमी वेळ लोक इथेच देतात. गळ टाकण्याआधी एकाच माशावर नजर ठेवून त्याचे चार-पाच घास नुसते बघा.

पहिली खूण बुडबुड्याची. वरून किडा उचलताना माशाच्या तोंडात पाण्याबरोबर थोडी हवाही जाते. ती कल्ल्यांवाटे बाहेर पडते आणि वलयाच्या आत एखाद-दुसरा बुडबुडा तरंगत राहतो. बुडबुडा आहे, म्हणजे घास पृष्ठभागावरचा. वलय उठलं, पाणी हललं, पण बुडबुडा नाही, तर घास बहुतेक पाण्याखाली घेतला गेलाय. वर दिसली ती फक्त त्या हालचालीची लाट. अशा माशापुढून कोरडी, उंच तरंगणारी फ्लाय कितीही वेळा नेली तरी उपयोग नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावरून जेवण नेताय.

दुसरी खूण शरीराचा कोणता भाग दिसतो याची. आधी पाठ, मग शेपटीचं टोक, आणि तोंड दिसतच नाही, म्हणजे मासा पापुद्र्याच्या, म्हणजे पाण्याच्या अगदी वरच्या सालीच्या, लगेच खाली, दोन-चार सेंटिमीटरवर खातोय. नाक किंवा वरचा जबडा हवेत आला तर वरचं खाणं. पाणी नुसतं उचललं जातं आणि फुटत नाही, तर घास आणखी खाली.

तिसरी खूण जोराची. मासा उगाच शक्ती घालवत नाही. पळून न जाणाऱ्या किड्यासाठी तो हळूच तोंड उघडतो आणि किडा आत ओढून घेतो, निसटू बघणाऱ्यासाठी झडप घालतो. म्हणून पाणी उडवणारं वलय बहुधा पटकन उडून जाणाऱ्या किड्यावर असतं, नाहीतर उतावळ्या लहान माशाचं असतं. बारीक, जेमतेम कळणारं वलय मेलेल्या किंवा अडकलेल्या किड्यावरचं. काठालगत असं एखादं क्षुल्लक वलय पुन्हा पुन्हा एकाच जागी उठत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. पाण्यातला सगळ्यांत मोठा मासा बरेचदा तोच असतो.

पापुद्र्यात अडकलेला किडा

बुडबुडा नसलेली वलयं इतकी का दिसतात, याचं उत्तर किड्यांच्या आयुष्यात आहे. मेफ्लाय (नावात फ्लाय असली तरी हा खरा किडा) घ्या. तिचं पिल्लू महिनोन्महिने, काही जातींत दोन वर्षांपर्यंत, पाण्याच्या तळाशी राहतं. बाहेर पडायची वेळ झाली की ते वर पोहत येतं, पाठीवर कात उलते आणि पंखवाला किडा त्या कातेतून स्वतःला ओढून काढतो. पाण्याचा पृष्ठताण आपल्याला जाणवत नाही, पण एवढ्याशा जिवाला तो खालून भेदायचा असतो. काहींचं काही सेकंदांत भागतं, काही मिनिटभर धडपडतात, काही तसेच अडकून मरतात. माशाच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त घास: भरपूर, एका जागी, आणि पळता न येणारा.

बाहेर पडलेली मेफ्लाय पंख उभे धरून पाण्यावर थोडा वेळ बसते. हवा थंड आणि दमट असेल तर पंख वाळायला वेळ लागतो, किडे जास्त वेळ वाहत राहतात आणि मासे ते वरचे किडे खातात. ऊन कोरडं असेल तर किडे लगेच उडतात, मग मासे खालच्या अडकलेल्यांकडे वळतात. कालची चाललेली फ्लाय आज का चालत नाही, या कोड्याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

उडालेली मेफ्लाय आणखी एकदा कात टाकते. पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटकांचा हा एकच गण आहे. पहिल्या अवस्थेतले पंख धुरकट असतात, दुसरीतले काचेसारखे लख्ख. या मोठ्या किड्याला खाता येत नाही, त्याची तोंडाची अंगं निकामी झालेली असतात. मीलन, अंडी, आणि मग पंख पसरून पाण्यावर आडवं पडणं. हे मेलेले किडे पापुद्र्याला चिकटून वाहतात, काठावरून अजिबात दिसत नाहीत. संध्याकाळी हवेत किडे वर-खाली नाचताना दिसले, नंतर ते नाहीसे झाले, आणि मग बारीक वलयं सुरू झाली, तर मासे हेच खातायत. इथे उभ्या पंखांची फ्लाय काढून पसरलेल्या पंखांची, चपटी बसणारी बांधा.

कॅडिस या पाण्यात वाढणाऱ्या दुसऱ्या किड्याची गोष्ट निराळी. तिचा कोष झपाट्याने वर येतो आणि किडा जवळजवळ लगेच उडतो, म्हणून मासेही घाईने झडप घालतात. पंख अंगावर उतरत्या छपरासारखे मिटलेले दिसले की ती कॅडिस. अंडी घालताना ती पाण्यावर फरफटत, ठिपके उठवत जाते. ओढली गेलेली फ्लाय माशाला चालते असा जो एक ठळक अपवाद आहे तो हाच. बाकी वेळी ती सवय लावून घेऊ नका.

संथ पाण्यात मात्र राज्य असतं न चावणाऱ्या चिलटांचं. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात असतात. बऱ्याच जातींच्या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. कोष वर येऊन पापुद्र्याखाली लोंबत राहतात. मासा एका संथ फेरीत ते एकामागून एक टिपत जातो.

आणि एक फसवा प्रकार. हवेत मोठे, ठसठशीत किडे उडतायत म्हणून तुम्ही मोठी फ्लाय लावता, पण त्याच वेळी पाण्यात तांदळाच्या दाण्याहून लहान किडे हजारोंनी वाहत असतात आणि मासे तेच खात असतात. एखादाच किडा मुबलक असला की मासा त्याच आकाराचा माग धरतो आणि बाकीचं सोडून देतो. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: बारीक जाळीचा तुकडा पाण्यात अर्धा बुडवून मिनिटभर धरा आणि त्यात काय येतं ते बघा. हवेतल्या किड्यांवर भरवसा नको. मासा हवेतलं खात नाहीये.

मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे, पाऊस पडून गेल्यावर उडणारी पंखवाली वाळवी, हे सगळे जमिनीवरचे जीव. ते पाण्यात पडतात तेव्हा बुडू लागतात, पापुद्र्यात रुतून वाहतात. झाडाची फांदी पाण्यावर आलेली असेल तिथे हाच अंदाज आधी करावा.

मासा खालून काय बघतो

मासा बघतही नाही, ही तक्रार असेल तर हा भाग महत्त्वाचा. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या शंकूत दाबलेलं दिसतं. पृष्ठभागावर त्या शंकूची एक गोल खिडकी तयार होते. खिडकीबाहेरचा सगळा पृष्ठभाग खालून आरसा असतो, त्यात तळ उलटा दिसतो.

खिडकीची रुंदी खोलीच्या सव्वादोन पटीच्या आसपास असते. मासा मीटरभर खाली असेल तर खिडकी सव्वादोन मीटर रुंद. 30 सेंटिमीटरवर असेल तर सुमारे 68 सेंटिमीटर. आणि पापुद्र्याखाली 10 सेंटिमीटरवर तरंगत अळंटळं न करता टिपत असेल, तर खिडकी जेमतेम वीतभर. म्हणजे मासा जितका वर, तितकी तुमची फेक नेमकी हवी. त्याच्या नाकापासून हातभर बाजूला गेलेली फ्लाय त्याच्या खिडकीत येतच नाही. ती नाकारली गेली असं तुम्ही समजता, पण ती त्याला धड दिसलेलीही नसते.

आरशाच्या भागात माशाला किड्याचं अंग दिसत नाही. पायांनी पापुद्र्याला पडलेले खळगे तेवढे उजेडाच्या ठिपक्यांसारखे चमकतात. किडा खिडकीच्या कडेला आला की आधी पंखांची टोकं दिसतात, मग बाकीचं अंग. ठिपक्यांनी मासा सावध होतो, पंख बघून वर यायला लागतो. तेव्हा पापुद्र्यावर फ्लाय कशी बसते, किती टेकते, किती रुतते, याला तिच्या रंगापेक्षा जास्त किंमत आहे. आभाळाच्या उजेडासमोर खालून बघितलं की रंग तसाही काळपटच दिसतो.

याच नियमाने तुमचीही सोय होते. खिडकीच्या अगदी कडेला, पाण्यालगतच्या 10 अंशांत जे असतं ते फार चेपलेलं आणि अंधूक दिसतं. दहा मीटरवरून पाण्यापासून साधारण पावणेदोन मीटर उंचीपर्यंतचं सगळं त्या पट्ट्यात मोडतं. उंच काठावर उभं राहिलात की त्यातून बाहेर आलात. खाली उतरा, वाका, किंवा आणखी मागे सरा.

वलय जिथे उठलं तिथे मासा नसतो

वाहत्या पाण्यात मासा आपल्या ठरलेल्या जागी, तळाशी किंवा मधल्या थरात, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. किडा दिसला की तो वर येता येता प्रवाहाबरोबर मागे सरकतो, घास घेतो आणि परत जागेवर जातो. वलय त्या मागच्या टोकाला उठतं, आणि उठल्यावर ते स्वतःही खाली वाहत जातं. तुम्ही वलयावर फेकलेली फ्लाय म्हणून माशाच्या शेपटीमागे पडते. खोल पाण्यात आणि जोराच्या धारेत हे अंतर मीटरहून जास्त भरू शकतं. काठावरचा एखादा दगड किंवा गवताचा झुबका खूण म्हणून धरा, वलय कुठे उठतं ते त्याच्याशी जुळवा, आणि फ्लाय त्याच्या बरीच वर टाका.

जवळ येतो आणि परततो: दोरीची ओढ

मागे फिरणाऱ्या माशाचं कारण शोधायचं तर मी दहातल्या आठ वेळा इथूनच सुरुवात करीन. फ्लाय ज्या धारेत आहे ती एका वेगाने वाहते, मधली दोरी वेगळ्या वेगाच्या धारेवर पडलेली असते. दोरी पुढे गेली की फ्लाय मागून ओढली जाते, मागे राहिली की अडते. खरा किडा पाण्याच्या सालीबरोबर जातो. त्याच्या मागे कधी व्ही आकाराची रेघ उठत नाही.

रेघ दिसली तर ओढ आहे हे कोणालाही कळतं. त्रास देते ती न दिसणारी ओढ, जिच्यात फ्लाय दोन बोटं बाजूला सरकते आणि काठावरून सगळं ठीक वाटतं. तिची चाचणी सोपी: फ्लायशेजारी वाळकं पान किंवा गवताची काडी वाहत असेल तर दोघांवर नजर ठेवा. थोड्या अंतरात त्या एकमेकींपासून दूर गेल्या की ओढ आहे.

उपाय करताना आधी स्वतःची जागा बदला. इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा दोन पावलं वर किंवा खाली सरकणं जास्त काम करतं, कारण मधली वेगवान धार टळते. ते जमत नसेल तर दोरी पाण्यावर टेकण्याआधी रॉड वरच्या बाजूला वळवा, म्हणजे दोरी प्रवाहाच्या वर पडेल. टेकल्यावर लगेच दोरीचं पोट उचलून वर टाका. फेक थोडी अडखळवून शेवटचा बारीक दोर ढिल्या नागमोडीत पडू द्या. त्या ढिलाईचा वेळ संपेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते, आणि मासा पार करायला तेवढा वेळ पुरतो. शेवटचा दोर लांब करणं हेही चांगलं. आणखी बारीक दोर घ्यावा की नाही हा प्रश्न लांबीनंतरचा. बारीक दोराचा खरा फायदा तो दिसत नाही यापेक्षा तो लवचीक असतो यात आहे.

पापुद्र्यावर तरंगणारा चकचकीत दोर मात्र वेगळी अडचण करतो. शांत पाण्यात त्याची रेघ आरशात उठून दिसते. फ्लायजवळचा हातभर दोर बुडायला हवा. मुलतानी माती, थोडा भांडी घासायचा साबण आणि ग्लिसरीन एकत्र मळून त्याचा गोळा जवळ ठेवा आणि दोरावरून ओढा. तेलकटपणा जातो, दोर बुडतो. फ्लायला मात्र हे लागू देऊ नका.

इतकं करूनही मासा परत फिरत असेल, तर आता डबी उघडा. आधी आकार एक-दोन क्रमांकांनी लहान करा (गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, सोळानंतर अठरा). मग बसण्याची ढब बदला: उंच तरंगणारीच्या जागी पापुद्र्यात अर्धी बुडणारी. रंगाचा नंबर शेवटी. घाई असेल तर एक तडजोड: त्याच फ्लायच्या खालच्या बाजूची पिसं कातरून सपाट करा. ती पाण्यात खाली बसते आणि बरेचदा एवढ्यावर काम होतं.

घेतो, पण लागत नाही

मासा किडा चावून उचलत नाही. तो तोंडाची पोकळी झटकन मोठी करतो, त्याबरोबर पाणी आणि त्यातला किडा आत ओढला जातो, पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जातं. खरा किडा सुटा असतो. तुमची फ्लाय जाड, ताठ दोराला बांधलेली असेल तर ती पाण्याबरोबर आत जातच नाही, ओठाशी अडते. वलय बरोबर उठतं, तुम्ही झटका देता, हातात काही नाही. दोर बारीक आणि ढिला करणं हे इथलं पहिलं औषध.

दुसरं औषध थांबणं. संथ घास घेणारा मोठा मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत हात हलवू नका. वलय दिसताक्षणी झटका दिला तर उघड्या तोंडातूनच फ्लाय बाहेर येते. उडी मारून झडप घालणाऱ्या छोट्या माशांचं उलट आहे, तिथे लगेच उचलावं लागतं. गळाचं टोक नखावर ओढून बघा. ओरखडा न काढता घसरलं तर घासायला हवं.

साचलेल्या पाण्यात

तळ्यात प्रवाह किडे आणून देत नाही, म्हणून मासाच फिरतो. वलयांची ओळ बघा: पहिलं कुठे, दुसरं कुठे, किती वेळाने. तिसरं कुठे उठेल त्याच्या पुढे फ्लाय ठेवा आणि हलवू नका. उठलेल्या वलयात फेकणं म्हणजे गेलेल्या माशाला हाक मारणं. वारा असेल तर किडे वाऱ्याच्या दिशेच्या काठाकडे गोळा होतात. लहरी आणि शांत पाण्याच्या सीमेवर, फेसाच्या रेघांमध्येही ते साठतात. चिलटांचे कोष लोंबत असतील तर कोषासारखी फ्लाय पापुद्र्याखाली दोन बोटं टांगलेली हवी, आणि तिच्या वरचा दोर तेवढ्यापुरता तरंगता ठेवावा लागतो. मुलतानी मातीचा गोळा इथे खिशातच राहू द्या.

एक मासा लागल्यानंतर पुढचे घेत नाहीत अशीही तक्रार येते. बघा, फ्लाय माशाच्या बुळबुळीत थराने माखून बुडत असेल. ती पाण्यात खळबळून धुवा, कापडात दाबून कोरडी करा, मग तरंगण्याचं औषध लावा. बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची फ्लाय असेल तर तेलकट मलम अजिबात नको, ती पिसं चिकटून निकामी होतात. त्यांना कोरडी भुकटी चालते, आणि तीही हाताशी नसेल तर दुसरी कोरडी फ्लाय बांधून पहिली टोपीला लावून वाळू द्या.